सात रुपयांचा ब्रेक

दोस्तांनो, टीव्हीवर पूलचा सामना पाहिलाय का कधी? कापडाने मढवलेलं भलंमोठं टेबल, एका टोकाला त्रिकोणात चिकटून बसलेले पंधरा रंगीबेरंगी चेंडू आणि दुसऱ्या टोकाला एकटा पांढरा चेंडू. खेळाडू वाकतो, काठी मागे घेतो आणि खाडकन्! क्षणात सगळे चेंडू टेबलभर पांगतात. या पहिल्या फटक्याला 'ब्रेक' म्हणतात. तो बघताना आपलेही हात शिवशिवतात. पण टेबल घरात मावायचं नाही, आणि बाहेर खेळायला जावं तर तासाला पैसे मोजावे लागतात. खाऊचे पैसे असे किती दिवस पुरणार?

मग मनात येतं, जाऊ दे, आपला कॅरम काय वाईट आहे? आणि खरंच, कॅरममध्येही ब्रेक आहेच की! तिथेही एकमेकींना चिकटलेल्या सोंगट्या, तिथेही एकच फटका आणि तिथेही तीच धडधड. फक्त काठीच्या जागी आपलं बोट आणि पांढऱ्या चेंडूच्या जागी स्ट्रायकर.

पण कॅरमचीसुद्धा एक अडचण असते. बोर्ड एक आणि खेळणारे दहा! चाळीत, सोसायटीत, मंडळाच्या खोलीत मोठी मुलं बोर्ड अडवून बसतात. लहानांच्या वाट्याला येतं ते नुसतं बघणं. ब्रेक मारायला मिळाला तर मिळाला, नाहीतर 'उद्या ये'. मग ब्रेक शिकायचा तरी कधी?

यावर एक उपाय आहे. तो मला एका मोठ्या फजितीनंतर सापडला. आधी ती फजितीच सांगतो.

गटारात गेलेला स्ट्रायकर

१९८६ सालची गोष्ट. मी सहावीत होतो. आमच्या चाळीच्या तळमजल्यावर मंडळाची एक खोली होती. संध्याकाळी तिथे बोर्डावर पत्र्याच्या टोपीचा दिवा खाली ओढला जायचा आणि खेळ सुरू व्हायचा. माझं तिथलं काम ठरलेलं होतं. डाव संपला की सोंगट्या गोळा करायच्या आणि पुन्हा नीट लावून द्यायच्या. मधोमध लाल राणी, तिच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा. मी डोळे मिटूनही लावल्या असत्या! पण लावायच्या मी आणि फोडायच्या दुसऱ्यांनी.

त्या खोलीत सगळ्यात छान ब्रेक होता तो पोस्टात नोकरी करणाऱ्या काकांचा. ते कधी जोरात मारताना दिसायचे नाहीत. बोट जरासं हलायचं, 'टक्' असा आवाज यायचा आणि पांढरी सोंगटी भोकात गेलेली असायची.

एके दिवशी चौथा गडी आलाच नाही. "बस रे तू," काका म्हणाले. मला तर आकाश ठेंगणं झालं! नशिबाने पहिला ब्रेकही माझ्याच वाट्याला आला. काकांनी विश्वासाने स्वतःचा स्ट्रायकर माझ्या हातात दिला. सगळे बघत होते. आता यांना दाखवतोच, असं म्हणून मी अंगातली सगळी ताकद बोटात आणली आणि मारला!

स्ट्रायकर सोंगट्यांच्या वरून उडाला, बोर्डाच्या कडेवर आपटला, दारातून बाहेर गेला आणि थेट गटारात पडला. सोंगट्यांपैकी तीनच हलल्या होत्या.

हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. मी मात्र काठी घेऊन अर्धा तास गटार ढवळत होतो. स्ट्रायकर काही सापडला नाही. घरी नवा मागायची सोय नव्हती. महिनाअखेरीला आमच्याकडे दूधही उधारीवर यायचं. दुसऱ्या दिवशी मी तोंड लपवून जिन्याने वर जात होतो, तेवढ्यात काकांनी हाक मारली. मला वाटलं, आता पैसे मागणार! पण त्यांनी खिशातून कडेला टवका गेलेला एक जुना स्ट्रायकर काढला आणि म्हणाले, "एवढा जोर कोणावर काढलास रे? हा घे. फरशीवर शंभर वेळा सरळ मार. सरळ जायला लागला, की मग बोर्डावर ये."

शंभर वेळा! मला ती शिक्षा वाटली. खरं तर तो माझा पहिला धडा होता.

जरा हिशेब करू

काका बरोबर का होते, ते आकड्यांवरून कळतं. कॅरमचा एक गेम पंचवीस गुणांचा किंवा जास्तीत जास्त आठ बोर्डांचा. ब्रेक आळीपाळीने येतो. म्हणजे दोघांच्या खेळात एकाच्या वाट्याला फार तर चार ब्रेक. चौघांच्या खेळात तर दोनच! संध्याकाळभर बसून तुम्ही चार-सहा ब्रेक माराल आणि त्यातले निम्मे कसे गेले तेही आठवणार नाही.

उलट घरी एकटे बसलात, तर स्ट्रायकर उचलून पुन्हा जागेवर ठेवायला पंधरा सेकंद पुरतात. दहा मिनिटांत चाळीस टिचक्या होतात. आठवडाभर केलं तर दोनशे ऐंशी! बोर्डावर एवढे ब्रेक मिळायला किती महिने लागतील, ते तुम्हीच मोजा.

जोर नाही, सरळपणा

आता थोडं विज्ञान. नियमाप्रमाणे स्ट्रायकरचं वजन जास्तीत जास्त पंधरा ग्रॅम असतं. एक सोंगटी साधारण पाच ते साडेपाच ग्रॅमची. म्हणजे स्ट्रायकर एका सोंगटीच्या जवळजवळ तिप्पट जड. म्हणून एकट्या सोंगटीला मारलं की ती उडते आणि स्ट्रायकरही तिच्यामागे पुढे सरकतो.

पण ब्रेकच्या वेळी समोर एक सोंगटी नसते. एकोणीस असतात! त्या सगळ्यांचं मिळून वजन शंभर ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे आता स्ट्रायकरच सहा-सात पटींनी हलका झाला. तो त्या गठ्ठ्याला ढकलत नेऊ शकत नाही. तो फक्त एक धक्का देतो आणि बऱ्याचदा तिथेच थांबतो किंवा मागे उसळतो. पुढचं काम सोंगट्याच करतात. पहिली दुसरीला ढकलते, दुसरी तिसरीला, आणि शेवटी कडेच्या सोंगट्या सुटतात.

धक्का बरोबर मधोमध बसला, तर तो डावीकडे आणि उजवीकडे सारखा वाटला जातो. जरा कडेला बसला, की एक बाजू पांगते आणि दुसरी जागच्या जागी राहते. जोर कितीही लावा, चुकीच्या जागी लावलेला जोर वायाच जातो. माझा स्ट्रायकर उडाला तोही त्यामुळेच. बोट मध्यावर न बसता खालून बसलं होतं.

आणखी एक गंमत. ब्रेक मारणाऱ्याच्या सोंगट्या नेहमी पांढऱ्या. पण ब्रेकमध्ये पांढरी गेली नाही, तर पाळी प्रतिस्पर्ध्याची. आंधळेपणाने सगळं पांगवून ठेवलंत, तर तुम्ही त्याच्यासाठीच मोकळं मैदान करून दिलंत! खेळाडू त्या पहिल्याच पाळीत सगळ्या नऊ काळ्या आणि राणी घेऊन टाकतात, त्याला 'ब्लॅक टू फिनिश' म्हणतात. ब्रेक मारणाऱ्याने एका पाळीत सगळ्या पांढऱ्या आणि राणी घेतली, तर तो 'ब्रेक टू फिनिश'. आपल्याला कोणतं हवं, ते आपलं बोट ठरवतं.

घरचं सामान

आता सरावाला लागू या. काय काय लागेल?

एक स्ट्रायकर. जुना, टवका गेलेला चालेल. तोही नसेल, तर दहा रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवून चिकटपट्टीने जोडा. त्यांचं वजन जवळपास स्ट्रायकरएवढंच भरतं. आकार लहान असतो, पण सुरुवातीला चालून जातं.

परीक्षेचं जुनं पॅड. क्लिप तुटलेलं एक तरी पॅड प्रत्येक घरात असतंच! त्याची गुळगुळीत बाजू आपल्या कामाची. पॅड नसेल तर सांधा नसलेली मोठी फरशी किंवा गुळगुळीत टेबल चालेल. आईचा पोळपाट मात्र अजिबात घ्यायचा नाही.

शाळेची तीस सेंटिमीटरची पट्टी, खडू, दोन रिकाम्या काडेपेट्या आणि एक जाड टॉवेल. टॉवेलची घडी पॅडच्या पलीकडे ठेवायची, म्हणजे स्ट्रायकर पळून जाणार नाही आणि खालच्या मजल्यावरचे तक्रार घेऊन येणार नाहीत.

आणि एक रुपयाची सात नाणी. सातही अगदी एकाच आकाराची हवीत. एक रुपयाची नाणी वेगवेगळ्या आकारांची असतात, तेव्हा एकमेकांवर ठेवून तपासून घ्या. हे सात रुपये खर्च होणार नाहीत बरं का! सराव झाला की परत गल्ल्यात.

मोठ्या बोर्डावर खेळायची जागा ७४ सेंटिमीटर लांब आणि तेवढीच रुंद असते. बेस लाइनवर ठेवलेल्या स्ट्रायकरच्या मध्यापासून राणीच्या मध्यापर्यंतचं अंतर साधारण २५ सेंटिमीटर. म्हणजे तुमच्या पट्टीपेक्षाही कमी! ब्रेक शिकायला आख्खा बोर्ड लागतच नाही, हाताएवढी जागा पुरते.

पाच व्यायाम

पहिला : ठिपका.
स्ट्रायकरवर मधून जाणारी एक रेघ पेनाने काढा. रेघ आपल्यापासून समोर जाईल असा तो ठेवा. हात जमिनीवर हलकेच टेकवा. टिचकीचं बोट आधीच स्ट्रायकरच्या अगदी जवळ असू द्या. लांबून बोट आणून आपटलं, तर नखही दुखतं आणि नेमही चुकतो. आता हळू टिचकी मारा. स्ट्रायकर पुढे जाताना रेघ सरळ राहिली, तर बोट मध्यावर बसलं. रेघ गरगर फिरली, तर बोट कडेला लागलं. दहापैकी सात वेळा रेघ सरळ राहीपर्यंत पुढच्या व्यायामाकडे जायचं नाही.

तर्जनीने मारायचं की मधल्या बोटाने, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण एकदा ठरवलं की रोज बदलू नका.

दुसरा : काडेपेटीचा दरवाजा.
स्ट्रायकरपासून पंचवीस सेंटिमीटरवर दोन रिकाम्या काडेपेट्या उभ्या करा. त्यांच्यात आठ सेंटिमीटरचं अंतर ठेवा. स्ट्रायकर त्यांच्यामधून गेला पाहिजे आणि पेटी पडता कामा नये. दहापैकी आठ वेळा जमलं, की अंतर सात करा. मग सहा, मग पाच. स्ट्रायकरच चार सेंटिमीटरपेक्षा थोडा जास्त रुंद असतो. त्यामुळे पाचच्या दरवाजातून तो गेला, तर तुमचा नेम चांगलाच सरळ झाला म्हणायचा!

तिसरा : एक वीत, दोन विती, तीन विती.
हा फरशीवर करायचा. आपल्याच हाताने मोजून एक, दोन आणि तीन विती अंतरावर खडूने रेघा ओढा. आता सांगून मारायचं. "दोन!" म्हटलं की स्ट्रायकर दुसऱ्या रेघेजवळ थांबला पाहिजे. पहिल्या दिवशी हा व्यायाम रडवतो. पण जोर आपल्या ताब्यात आहे की आपण जोराच्या ताब्यात आहोत, ते इथेच कळतं.

चौथा : सात रुपयांचं फूल.
आता आपल्या नाण्यांची पाळी. एक नाणं मध्ये ठेवा आणि त्याच्याभोवती उरलेली लावा. बरोबर सहा बसतात! ना पाच, ना सात. सारख्या आकाराच्या वर्तुळांचा हा गुणच आहे. मधल्या नाण्यापासून शेजारच्या दोन नाण्यांमध्ये साठ अंशांचा कोन होतो आणि सहा साठे तीनशे साठ. त्यांच्याभोवती पुढच्या रांगेत बारा बसतात. एक, सहा आणि बारा मिळून एकोणीस. कॅरमच्या सोंगट्या एकोणीसच का, हे आता लक्षात आलं?

फुलाची एक पाकळी आपल्याकडे येईल असं ते ठेवा. नाण्यांना एकमेकांमध्ये फट राहू देऊ नका. पॅडवर पेन्सिलीने त्यांच्या कडा आखून ठेवा, म्हणजे प्रत्येक वेळी फूल त्याच जागी बसेल. आता त्या पुढच्या पाकळीच्या बरोबर मध्यावर स्ट्रायकर मारा आणि आरशात बघितल्यासारखं बघा. डावीकडची दोन नाणी आणि उजवीकडची दोन नाणी सारखीच पांगली का? पांगली असतील, तर ब्रेक सरळ. एकच बाजू लांब गेली, तर फटका कडेला बसला. हे फूल म्हणजे तुमचा फुकटातला प्रशिक्षक. तो रागावत नाही, पण खोटंही बोलत नाही.

मग मुद्दाम एका पाकळीत केसाएवढी फट ठेवून मारून बघा. तोच फटका, पण नाणी वेगळीच पळतात! मोठ्या खेळाडूंनी ब्रेकपूर्वी सोंगट्या दाबून घट्ट का बसवाव्यात, ते तुम्हाला न सांगता समजेल.

पाचवा : लावायला शिका.
एकोणीस सोंगट्या नीट आणि झटपट लावता येणं, हाही सरावच आहे. राणीभोवतीच्या सहांमध्ये एक पांढरी, एक काळी अशी पाळी ठेवायची. बाहेरच्या बारांमध्येही तसंच. आतल्या तीन पांढऱ्यांच्या मागे बाहेरच्या पांढऱ्या आल्या, की इंग्रजी 'वाय' अक्षर दिसतं. या 'वाय'च्या दोन फांद्या समोरच्या दोन भोकांकडे कलतील असं लावून बघा. गठ्ठा किंचित फिरवला की काय बदलतं, तेही बघा. घरी सोंगट्या नसतील, तर पुठ्ठ्यावर कंपासने वर्तुळं काढून कापा. आणि हो, जो छान लावतो, त्याला मोठी मुलं बोर्डाजवळ बसू देतात. हा माझा स्वतःचा अनुभव!

एक वही करा. तारीख, व्यायाम आणि दहापैकी किती, एवढंच लिहायचं. महिन्याने पहिलं पान उघडून बघा.

बोर्डावर पाळी आली की

बोर्डावर बसलात की तीनच गोष्टी आठवा. सोंगट्यांमध्ये फट नाही ना? स्ट्रायकर दोन्ही बेस लाइनना टेकला आहे ना? आणि आपण पूर्ण जोर लावणार नाही ना? सुरुवातीला निम्म्याच जोराने मारा. सरळ जायला लागलं, की जोर हळूहळू वाढवता येतो. पण वाकडं मारायची सवय लागली, तर ती मोडायला फार दिवस जातात. स्ट्रायकर भोकात गेला तर फाउल होतो, म्हणून तो कुठे जाऊन थांबला तेही वहीत लिहा.

खेळ उरकल्यावर मोठ्यांना विचारा, "बोर्ड उचलायच्या आधी पाचच ब्रेक मारू? सोंगट्या मीच लावीन आणि मीच आवरून ठेवीन." असं विचारलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही.

आणि ज्यांना पूलच शिकायचा आहे त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठीही बिनपैशाचा एक व्यायाम आहे. प्लॅस्टिकची रिकामी बाटली टेबलावर आडवी ठेवा. एक सरळ, गुळगुळीत, बारीक काठी घ्या आणि पूलच्या काठीसारखी धरून बाटलीच्या तोंडातून आत-बाहेर करा. तोंडाच्या कडेला काठी लागता कामा नये. हात सरळ जायला लागला, की क्लबमधला तासाच्या पैशांचा वेळ निदान काठी धरायला शिकण्यात तरी जाणार नाही. पूलमध्ये ठोकायचा चेंडू आणि बाकीचे चेंडू जवळपास सारख्याच वजनाचे असतात, त्यामुळे तिथला हिशेब थोडा वेगळा. पण मधोमध आणि सरळ, हा नियम तिथेही तोच.

आई-बाबांसाठी चार शब्द

कॅरम म्हणजे रिकामटेकड्यांचा खेळ, असं अजूनही काही घरांत म्हटलं जातं. पण आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघ १९८८ साली चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये, स्थापन झाला. जगज्जेते मारिया इरुदयम यांना १९९६ सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. आपल्या पुण्याचे योगेश परदेशीही जगज्जेते झाले. आणि २०२४ साली अमेरिकेत झालेल्या विश्वचषक स्पर्धेत चेन्नईच्या काझिमाने तीन सुवर्णपदकं जिंकली. तिचे वडील रिक्षा चालवतात. या खेळाला घरात पैसा किती आहे याच्याशी फारसं देणंघेणं नाही, हे तिने दाखवून दिलं.

फक्त दोन गोष्टींकडे लक्ष द्या. बोर्डावर टाकायची बोरिक पावडर पोटात जाता कामा नये. खेळून झाल्यावर मुलांना हात धुवायला लावा आणि डबी लहान भावंडांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. ती पावडर फरशीवर तर टाकूच देऊ नका, कुणीतरी घसरून पडेल. फरशी कोरड्या फडक्याने पुसली की पुरे. आणि सराव दहा मिनिटांचाच. बोट दुखायला लागलं की थांबायचं.

पुढे काय झालं?

माझ्याकडे तेव्हा सात रुपये नव्हते. मी सोडावॉटरच्या बाटल्यांची सात बुचं गोळा केली होती. गॅलरीतल्या शहाबादी फरशीवर रोज शाळेतून आल्यावर टवका गेलेला तो स्ट्रायकर मारायचा. शंभर कधीच पूर्ण झाले. पुढे मी मोजायचंही सोडून दिलं. बहीण चिडवायची, "आला बघा बुचांचा राजा!" काका येता-जाता जिन्यात थांबून बघायचे. बोलायचे मात्र काहीच नाहीत.

पुढच्या वर्षी गणपतीत मंडळाची स्पर्धा होती. लहान गटात मी नाव दिलं. माझ्यासमोर बसला होता आठवीतला एक मुलगा. नाणेफेक मी जिंकली आणि ब्रेक घेतला. सवयीने मी सोंगट्या लावायला हात पुढे केला, तर काकांनी माझा हात बाजूला सारला. "आज तू नाही लावायच्या," ते म्हणाले आणि स्वतः खाली बसले. त्यांनी राणी मध्ये ठेवली. भोवती सहा, मग बारा. दोन्ही तळव्यांनी दाबून गठ्ठा घट्ट केला आणि माझ्याकडे न बघता बाजूला झाले.

मी निम्म्याच जोराने मारला. टक्! दोन्ही बाजूंना सोंगट्या पांगल्या आणि एक पांढरी उजव्या भोकात गेली. पुढची मी चुकवली. तो सामनाही मी हरलो. खरं सांगतो, किती गुणांनी हरलो ते आज आठवत नाही. पण काकांनी माझ्यासाठी सोंगट्या लावल्या, ते अजून डोळ्यांसमोर आहे. हरवलेल्या स्ट्रायकरचा हिशेब त्या दिवशी मिटला.

तर मग दोस्तांनो, गल्ल्यातून सात रुपये काढा आणि जुनं पॅड शोधा. आज रविवार असो की सोमवार, दहा मिनिटं कुणालाही मिळतात. बोर्डावर तुमची पाळी येईल तेव्हा येईल. ती यायच्या आधी तयारी मात्र झालेली असू द्या!